खोट्या नाण्यांचा खरा भाव

गुरुग्रामात सुटे पैसे कुणाकडेच नसतात. भाजीच्या गाडीवर क्यूआर कोड, पंक्चरवाल्याच्या भिंतीवर क्यूआर कोड, सिग्नलला फुगे विकणाऱ्या पोरीच्या गळ्यात क्यूआर कोड. अशा गावात तुम्ही खिशातून दहाचं नाणं काढलंत, तर समोरचा आधी नाण्याकडे बघतो, मग तुमच्याकडे, आणि शेवटी म्हणतो, "भैया, ये नहीं चलता." का चालत नाही, हे त्याला ठाऊक नसतं. त्याच्या मेव्हण्याने सांगितलेलं असतं. मग नाण्यावर किरणं किती आहेत ते मोजायला लागतो. दहा असली तर खरं, पंधरा असली तर खोटं, असा एक शोध मधल्या काळात उत्तर भारतात लागला होता. रिझर्व्ह बँकेने २०१६ मध्ये सांगून पाहिलं, २०१८ च्या जानेवारीत पुन्हा पत्रक काढून सांगितलं की बाबांनो, दहाच्या नाण्याचे चौदा नमुने निघालेत आणि चौदाही खरे आहेत. चौदा म्हटल्यावर तर लोकांची खात्रीच पटली. खऱ्याला कशाला लागतात चौदा तोंडं?

म्हणजे सरकारने पाडलेलं नाणं इथे वर्षानुवर्षं जामिनावर फिरतंय. ज्या नोएडाच्या टांकसाळीत १९८८ पासून नाणी पडताहेत आणि ज्या नाण्यांवर सालाखाली बारीक टिंब असतं, ती टांकसाळ इथून तासाभराच्या अंतरावर. (तासाभराचं हे अंतर रविवारी पहाटे पाच वाजताचं. एरवी डबा बरोबर घ्यावा.) शेजारच्या गावातलं नाणं आपल्या गावात ओळख पटवू शकत नाही.

खोट्या नाण्याचं मात्र तसं नाही. त्याला इथे मखमली डबी मिळते, प्रमाणपत्र मिळतं, आणि आमच्या सोसायटीत तर त्याला कर्नलसाहेब मिळालेत.

कर्नलसाहेब मूळचे साताऱ्याचे, फौजेतून निवृत्त होऊन चौदाव्या मजल्यावर स्थायिक झालेले. नाणी जमवणारी माणसं मी पुष्कळ पाहिली आहेत. ती साधारण गुप्त, मुघल, मराठे असल्या रस्त्याने जातात. कर्नलसाहेब फक्त अशी नाणी जमवतात की जी कधी कुठल्याही टांकसाळीत, कुठल्याही राजाने, कुठल्याही बाजारासाठी पाडलीच नाहीत. "नकली नाणी म्हणू नका," ते पहिल्याच भेटीत बजावतात. "नकली म्हणजे खऱ्याची नक्कल. हिचं खरंच कुठे नाही, तर नक्कल कशाची? ही फँटसी नाणी." त्यांच्या मते खरं नाणं पाडायला सरकार लागतं, नकली पाडायला धाडस लागतं, पण ही पाडायला प्रतिभा लागते. वहिनी आतून म्हणतात, "आणि विकत घ्यायला पेन्शन."

संग्रहातला मानाचा तुकडा म्हणजे ईस्ट इंडिया कंपनीचं मारुतीचं नाणं. तुम्हीही ते कुठल्या ना कुठल्या जत्रेत, जुन्या बाजारात, नाहीतर चुलत काकांच्या देव्हाऱ्यात पाहिलं असेल. तांबूस, जाडजूड, एका बाजूला द्रोणागिरी उचललेला मारुती किंवा सबंध रामदरबार, दुसऱ्या बाजूला इंग्रजीत ईस्ट इंडिया कंपनी, अमुक आणा, आणि साल. सालं ठरलेली आहेत: १६१६, १७१७, १८१८, १८३९. पहिल्या तिघांचा बनवणारा निश्चितच फॅन्सी मोबाइल नंबरांचा शौकीन असणार.

कर्नलसाहेब भिंग देतात आणि आपल्याला चालवत नेतात. कड बघा. सरकारी नाण्याच्या कडेला असते ती सफाई नाही, दोन ठिकाणी चक्क कानस फिरल्यासारखे ओरखडे. पृष्ठभाग बघा, बारीक बारीक खड्डे, म्हणजे ठशाखाली पाडलेलं नाही, साच्यात ओतलेलं. मारुतीरायाच्या गुडघ्यापाशी तांबूस मुलामा उडून खालचं पितळ डोकावतंय. अक्षरं अशी बसलीत की कंपनीतला शेवटचा वाय कडेवरून पाय खाली सोडून बसलाय. आणि कंपनीच्या नावाखाली यूकेएल अशी तीन अक्षरं, ज्यांचा अर्थ कंपनीला तरी कळला असता का, हा प्रश्नच आहे.

पण खरी गंमत सालांत. १६१६ साली कंपनीची हिंदुस्थानातली स्थिती काय? तिच्या राजाचा वकील सर टॉमस रो अजमेरला जहांगीर बादशहाच्या दरबारात उभा राहून व्यापाराच्या सवलती मागत होता, आणि बादशहाला त्यापेक्षा शिकारीत अधिक रस होता. अशा वेळी कंपनीने काय केलं असेल? मारुतीचा आणा पाडला! १८१८ तर आपल्या जिव्हाळ्याचं साल. त्या वर्षी कंपनीने पेशवाई बुडवली आणि लगेच तिला रामदरबाराची भक्ती सुचली. वास्तविक कंपनी कितीतरी वर्षं आपली नाणी मोगल बादशहाच्या नावाने पाडत राहिली. सगळीकडे एकसारखं, राजाचं तोंड असलेलं नाणं तिने आणलं ते १८३५ मध्ये. पण इतिहासाचा असा अडथळा भक्ताला जाणवत नाही. "गोरे लोकसुद्धा मानायचे हो मारुतीला," असं सांगत हे नाणं लोक वंशपरंपरेने पुढच्या पिढीला देतात, आणि पुढची पिढी ते इंटरनेटवर दोन कोटींना विकायला काढते.

दोन कोटी हा भाव आला कुठून, त्याची कथा थोडी काळी आहे. हे नाणं तांदूळ ओढतं म्हणे. त्याला धंद्यात 'राइस पुलर' म्हणतात. त्यात इरिडियम असतं, वीज पडून ते जागृत झालेलं असतं, आणि ते अमेरिकेची नासा विकत घेते. नासा चंद्रावर माणूस पाठवून थकली, आता तिला आपल्याकडचे तांदूळ ओढायचेत. प्रत्यक्षात तांदळाच्या दाण्यांतच लोखंड मिसळलेलं असतं आणि बाकीचं काम लोहचुंबक करतं. २०१८ मध्ये दिल्ली पोलिसांनी एका बापलेकांना पकडलं. त्यांनी एका व्यापाऱ्याला असल्या वस्तूच्या नावाखाली १ कोटी ४३ लाखांना बुडवलं होतं, आणि चाचणीच्या वेळी किरणोत्सर्गापासून बचाव करणारे चंदेरी पोशाख घालून देखावा उभा केला होता. कर्नलसाहेबांना ही बातमी आठवली की चेहऱ्यावर राग आणि आदर यांचं मिश्रण दिसतं. "नाणं तीनशे रुपयांचं," ते म्हणतात, "पण पोशाखांचा विचार करा!"

इथे कुणी म्हणेल, असल्या थापा अडाण्यांनाच खपतात. तसं नाही. वैष्णोदेवीचं चित्र असलेली पाच आणि दहा रुपयांची नाणी सरकारने २०१२ च्या सालाची काढली, तीही खरी, चलनातली, लाखोंनी पाडलेली. त्यांना लाखो रुपये मिळतात अशी हवा झाली आणि आमच्या सोसायटीच्या व्हॉट्सॲप गटावर, जिथे मेंटेनन्सच्या दोनशे रुपयांसाठी लोक सुप्रीम कोर्टाचे दाखले देतात, तिथे रात्री अकरा वाजता माणसं ड्रॉवर उपसू लागली. शेवटी ऑगस्ट २०२१ मध्ये रिझर्व्ह बँकेला सांगावं लागलं की आम्ही असल्या खरेदी-विक्रीत नाही आणि त्यावर कमिशनही घेत नाही. तेच दहाचं वैष्णोदेवीचं नाणं दुसऱ्या दिवशी रिक्षावाल्याला दिलं, तर तो म्हणाला, "ये नहीं चलता."

आता सरकारनेही या क्षेत्रात चांगलं नाव काढलंय, हे कबूल करायला हवं. २०२३ मध्ये नव्या संसद भवनाच्या वेळी ७५ रुपयांचं नाणं निघालं. वजन ३५ ग्रॅम, त्यात निम्मी चांदी. किंमत ७५ रुपये, ते विकत घ्यायला तीन हजारांहून अधिक. पुढच्या वर्षी रिझर्व्ह बँकेच्या नव्वदीनिमित्त ९० रुपयांचं, ४० ग्रॅम शुद्ध चांदीचं. ही नाणी कायद्याने खरी आहेत. पण ती घेऊन कुणी नव्वद रुपयांचे टोमॅटो आणायला जात नाही. म्हणजे खोटी नाणी खऱ्याचा आव आणतात, आणि ही खरी असून कपाटात बसतात. कर्नलसाहेब त्यांना हात लावत नाहीत. "यात कल्पकता काय?" म्हणतात.

कल्पकता हवी तर न्युए नावाचं बेट बघा. प्रशांत महासागरात आहे, लोकसंख्या दोन हजारांच्या आत. त्या बेटाच्या नावाने स्टार वॉर्स आणि डिस्नेच्या पात्रांची चांदीची डॉलर-नाणी निघतात आणि ती तिथे कायदेशीर चलन असतात. नारळ घ्यायला डार्थ व्हेडर! त्याहून धीट म्हणजे ब्रिस्टल खाडीतल्या लंडी बेटाचा मालक मार्टिन कोल्स हार्मन. त्याने १९२९ मध्ये स्वतःचं तोंड छापून 'पफिन' नावाची नाणी पाडली. पफिन हा तिथला पक्षी. इंग्रज सरकारने खटला भरला आणि त्याला पाच पौंड दंड झाला. दंड त्याने पफिनमध्ये भरला असता तर माझी त्याच्यावर अधिक भक्ती बसली असती. आपल्याकडे २०२० च्या गणेशचतुर्थीला एका परागंदा स्वामींनी आपल्या 'कैलासा' नामक देशाची नाणी आणि रिझर्व्ह बँक जाहीर केली. देश कुठे आहे हा प्रश्न तेव्हाही होता, पण बँक तयार होती.

आपला कायदा या बाबतीत जुना आणि कडक. धातूचा तुकडा पैसा म्हणून चालवण्यासाठी खासगीत पाडायला १८८९ च्या कायद्याने बंदी घातली, आणि तो कायदा पुढे २०११ च्या नाणे अधिनियमात विलीन झाला. पण मराठी माणसाने यावर फार नाकं मुरडू नयेत. आपल्याकडे तर टांकसाळी परवान्याने सोनार-सराफांकडेच असायच्या. न्यायमूर्ती रानड्यांनी १८९९ मध्ये मराठी राज्यातल्या चलनावर आणि टांकसाळींवर एक निबंध लिहिला. तो वाचला की दिसतं, पेशव्यांचा निम्मा वेळ खासगी टांकसाळवाल्यांनी हिणकस नाणी पाडू नयेत म्हणून हुकूम काढण्यात जात असावा. आणि शिवरायांच्या नावाने आज रायगडाच्या वाटेवर जी चमकदार नाणी मिळतात, त्यांच्यावर बहुधा महाराजांचं चित्र असतं. अस्सल शिवराईवर चित्रच नाही. एका बाजूला 'श्री राजा शिव', दुसऱ्या बाजूला 'छत्रपति', संपलं. ज्यांचं नाव पुरेसं होतं त्यांना फोटोची गरज नव्हती. कर्नलसाहेबांनी चित्रवालं नाणं मात्र घेतलंय, वेगळ्या पाकिटात, वर लिहिलंय: 'सश्रद्ध फँटसी'.

उलट, खरं असून खोटं वाटावं असं एक नाणं ते गोष्टीसारखं सांगतात. अकबराने आपल्या अखेरच्या काळात राम-सीतेची आकृती असलेलं नाणं पाडलं, वर नागरीत 'राम सीय'. सोन्याची आणि चांदीची मिळून त्यातली मोजकीच आज शिल्लक आहेत. "आणि हे मी सांगितलं की लोक म्हणतात, साहेब, हे नाही पटत. मारुतीच्या एका आण्यावर पटकन विश्वास बसतो," कर्नलसाहेब हताश होतात. वहिनी म्हणतात, "अहो, अकबराचं नाणं तांदूळ ओढत नाही ना!"

गुरुग्रामने मात्र या शास्त्रात स्वतःची अशी भर घातली आहे, आणि तिची नोंद अजून कुठल्या ग्रंथात झालेली नाही. दिवाळीला इथल्या कंपन्या कर्मचाऱ्यांना चांदीची नाणी वाटतात. एका बाजूला लक्ष्मी-गणेश, दुसऱ्या बाजूला कंपनीचं बोधचिन्ह आणि खाली एखादं आश्वासन: 'पुढची दहा वर्षं, एकत्र'. कर्नलसाहेबांच्या एका आल्बमचं नाव आहे 'बुडीत स्टार्टअप'. घरपोच कोथिंबीर पोचवणारी कंपनी, कुत्र्यांसाठी वधूवर सूचक मंडळ, टॅक्सी बोलावली की सायकल पाठवणारी सेवा. कंपन्या गेल्या, नाणी राहिली. त्यातल्या एका पोराला पगाराचा मोठा भाग शेअरच्या रूपात देऊ केला होता, आणि दिवाळीला हे दहा ग्रॅमचं नाणं. शेअर शून्य झाले आणि चांदी चढली. आता तो सांगतो की आपल्या नोकरीतली एकमेव खरी गुंतवणूक एचआरने ड्रायफ्रूटऐवजी दिली होती.

ही शुद्ध चांदीची नाणी कुठे बनतात म्हणाल, तर फार लांब नाही. सोहन्याच्या पुढे नूह जिल्ह्यात रोजका मेवला एमएमटीसी-पॅम्पचा कारखाना आहे, सरकारी एमएमटीसी आणि स्वित्झर्लंडची पॅम्प यांचा २००८ मधला भागीदारीचा संसार. बाकी बाजारात कोण काय पाडतं ते बाजारच जाणे. पण एक रीत सगळीकडे आली आहे: नाणं सीलबंद प्लास्टिकच्या कार्डात. कार्ड फोडलं की शुद्धतेची हमी गेली, विकायला गेलात तर सराफ भुवया उंचावणार. त्यामुळे धनत्रयोदशीला आमच्या मजल्यावर लक्ष्मीचा अभिषेक होतो तो प्लास्टिकवर. दुधाचा थेंबही आत जात नाही. पंचामृत घालून झालं की सुगृहिणी कार्ड टिश्यूने पुसते, क्यूआर कोड नीट दिसतोय ना ते बघते आणि लॉकरमध्ये ठेवते. देवी आत, भक्त बाहेर, मध्ये हमी.

त्यामानाने उत्तरेकडच्या आज्या हुशार. त्या धनत्रयोदशीला 'राणीछाप' मागतात, व्हिक्टोरियाचा जुना रुपया. ११.६६ ग्रॅम, जवळपास ९२ टक्के चांदी, ना डबी ना प्रमाणपत्र. अर्थात त्यांच्यासाठीही नवे 'जुने' व्हिक्टोरिया पाडले जातात. त्यात वावगं काय म्हणा; खुद्द इंग्रज सरकारनेच १८६२ साल घातलेला रुपया १८७४ पर्यंत पाडला. साल बदलायचा कंटाळा आला असावा. कंटाळा या गुणात सरकार कधी परकं नव्हतं.

वहिनींचा स्वतःचा संग्रह एका नगाचा आहे: मदर डेअरीचं टोकन. दिल्ली-गुरुग्रामकडे बूथवर आधी टोकन घ्यायचं, ते यंत्रात टाकायचं, खाली पातेलं धरायचं, की दूध येतं. "तुमच्या सबंध कपाटात," त्या कर्नलसाहेबांना म्हणतात, "टाकल्यावर काहीतरी येईल असं एक तरी नाणं आहे का?" यावर फौजेकडे उत्तर नाही.

हे सगळं मी लांबून हसत बघत होतो, तोवर आमच्या मराठी मंडळाने गणेशोत्सवाच्या पंचविशीनिमित्त स्वतःचं चांदीचं नाणं काढायचं ठरवलं. मर्यादित आवृत्ती. 'मर्यादित' हा शब्द कर्नलसाहेबांचा. खजिनदारांच्या मते तसंही पैसे मर्यादितच होते. १०१ नग ठरले, प्रत्येकावर क्रमांक. आता एक नंबर कुणाला? माजी अध्यक्ष, आजी अध्यक्ष आणि देणगीदार यांच्यात जो सुसंवाद झाला, त्यातून एक नंबर गणपतीलाच द्यायचा ठराव निघाला. तेरा नंबर कुणी घेईना. इथल्या टॉवरांमध्ये तेरावा मजला नसतो, बारानंतर 'बारा ए' येतो. त्या स्थापत्याला अनुसरून नाण्यावर '१२अ' घालण्यात आलं. आहे हे जगातलं असं एकमेव नाणं, माझ्या माहितीत तरी.

दुसऱ्या बाजूवर काय, यावर दोन रविवार गेले. शनिवारवाडा म्हटलं तर नागपूरकर रुसले, दीक्षाभूमी म्हटलं तर ते स्थळ आणि प्रसंग यांचा मेळ नाही असं कोल्हापूरकर म्हणाले, लाल किल्ल्याला सगळ्यांचाच विरोध. अखेर मोदक आला. मोदकाला विरोध करणारा मराठी माणूस अजून जन्मायचा आहे.

ठसा दिल्लीत दरीबा कलांमधल्या एका कारागिराकडे दिला. नाणी आली, मखमली डब्यांत. उघडून बघतो तर गणपती उजव्या सोंडेचा! चित्र आम्ही दिलं होतं डाव्या सोंडेचं. ठसा उलटा कोरावा लागतो, म्हणजे छाप सुलट येतो. अक्षरं त्याने नीट उलटी कोरली होती, चित्र मात्र जसंच्या तसं उतरवलं. मोदक दोन्हीकडून सारखाच, म्हणून वाचला.

मंडपात शांतता पसरली. उजव्या सोंडेचा म्हणजे सोवळं कडक. "आमच्या फ्रीजमध्ये अंडी असतात," एक वहिनी म्हणाल्या. "मग नाणं फ्रीजमध्ये ठेवू नका," खजिनदार. दहा मिनिटांत साठेक लोकांनी पैसे परत मागितले. तेवढ्यात कर्नलसाहेब भिंग घेऊन उठले, नाणं दोन वेळा फिरवलं आणि कापऱ्या आवाजात म्हणाले, "अहो, ही एरर आहे. टांकसाळीची चूक. चुकीची नाणी बाजारात दुप्पट-तिप्पट भावाने जातात. परत येतील तेवढी सगळी मी घेतो."

पुढची पाच मिनिटं मी गुरुग्रामात इतका शुद्ध बाजार दुसरीकडे पाहिला नाही. अंडीवाल्या वहिनींनी नाणं पर्समध्ये टाकलं आणि चेन लावली. ज्यांनी परत केली होती ते रांग मोडून पुन्हा मागायला लागले. एकाने दुसऱ्याच्या '१२अ'साठी पाच हजार लावले. सोवळ्याचं काय, असं कुणी विचारलं तर एक काका म्हणाले, सीलबंद प्लास्टिकमध्ये ठेवलं की सोवळं आपोआप पाळलं जातं.

कर्नलसाहेबांनी मंडळाच्या लेटरहेडवर लेखी मागितलं: ठसा नष्ट करण्यात आला असून यापुढे या चुकीचं एकही नाणं पाडलं जाणार नाही. संग्रहाच्या जगात याला फार महत्त्व. मुंबईची टांकसाळ जुन्या ठशांवरून १९७० पर्यंत मागणीनुसार पुन्हा नाणी पाडून देत असे, आणि त्या पुनर्पाडाईने संग्राहकांचं डोकं आजही उठतं.

"नष्ट?" खजिनदार ताडकन म्हणाले. "ठशाला किती पडले ठाऊक आहे का? नीट गुंडाळून माझ्या माळ्यावर ठेवलाय. पुढच्या वर्षी यावरच पाडायची, फक्त साल बदलून. जमलं तर सालसुद्धा नाही बदलायचं."